मार खाल्ला आम्ही, आणि चूकही आमचीच?

ठाण्यात फिर्याद द्यायला गेलो की पहिला सवाल आम्हालाच. तू तिथं कशाला गेलास? दारू प्यायला होतास का? जमिनीचा कागद कुठाय? मारणाऱ्याचं नाव मागाहून. कधी कधी लिहितच नाहीत.

आम्हाला वाटायचं, ही रीत आपल्या जमादाराचीच. तसं नाही. गुन्हेशास्त्रात पीडितांचा अभ्यास करणारी एक शाखा आहे. तिची सुरुवातच या सवालानं झाली. १९४८ साली फॉन हेंटिग यांनी पुस्तक लिहून मांडलं की गुन्हा घडण्यात बळीचाही वाटा असतो. मेंडेलसन यांनी तर पायऱ्याच लावल्या: बिनदोषी, थोडा दोषी, गुन्हेगाराइतकाच दोषी. विद्वानांची भाषा मोठी, पण सवाल जमादाराचाच!

हा सवाल काय करतो ते आपण पाहिलंय. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला दोन पोलिसांवर चालला. सेशन कोर्टानं सोडलं, नागपूरच्या हायकोर्टानं शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमेची खूण नाही, म्हणजे तिनं विरोध केला नाही म्हणे! ठाण्यात, रात्री, पोलिसांसमोर ती पोर काय विरोध करणार? १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सुप्रीम कोर्टाला जाहीर पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला.

१९८५ साली संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं की गुन्हेगार सापडो न सापडो, त्याला शिक्षा होवो न होवो, ज्याचं नुकसान झालं तो पीडितच. सत्तेच्या गैरवापरानं भरडलेलेही पीडितच. म्हणजे आम्ही.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही सांगतो: बिगरआदिवासीनं आदिवासीला बेकायदा जमिनीवरून हुसकावणं, त्याच्या पाण्याच्या हक्कात आडवं येणं हा गुन्हा आहे. पण दफ्तरात आमचं नाव 'अतिक्रमणदार' म्हणून, पीडित म्हणून कधीच नाही.

म्हणून भावांनो, बायांनो, आपली नोंद आपणच ठेवू. कोणत्या दिवशी, कोण आलं, किती पीक उपटलं, कुणाला मारलं, कुणी पाहिलं, सगळं पाड्याच्या वहीत. खाली सह्या, अंगठे. फिर्याद दिली की नक्कल मागून घ्यायची, ती फुकट मिळते. आणि जमादारानं विचारलं, "तुझी चूक काय?" तर सगळ्यांनी मिळून सांगायचं: आधी त्याचं नाव लिहा.