“आनंदी राहा” हे काही औषध नाही

गरोदर बाईला भेटणारा प्रत्येक जण एक सल्ला फुकट देतो: “आनंदी राहायचं हं, नाहीतर बाळावर परिणाम होतो.” आम्ही डॉक्टरही देतो. मीही कित्येक वर्षे दिला. आता देत नाही.

काही महिन्यांपूर्वी सातव्या महिन्यातली एक मुलगी छातीत धडधडतं म्हणून आली. ईसीजी ठीक, थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन मात्र ९.८. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात आणि त्यानेही धडधडतं. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. ती दारापर्यंत गेली आणि मागे वळून म्हणाली, “डॉक्टर, काल मी खूप रडले. बाळाला काही होणार नाही ना?”

तिला पुन्हा बसवलं. आधीचं एक मूल नवव्या आठवड्यात पडलं होतं. प्रत्येक सोनोग्राफीच्या आदल्या रात्री झोप लागत नव्हती. त्यात घरी सगळे “हसत राहा” म्हणत होते, म्हणून ती बाथरूममध्ये जाऊन रडत होती. एक ताण होताच, त्यावर ताणाच्या भीतीचा दुसरा चढला.

तुम्हीही अशाच घाबरला असाल, तर ऐका. एका दिवसाच्या रडण्याने, भांडणाने बाळाचं नुकसान होत नाही. ताणात शरीर कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त तयार करतं, पण वारेतलं एक विकर त्यातलं बरंचसं बाळापर्यंत जाण्याआधीच निष्प्रभ करतं. महिनोन्‌महिने चाललेलं, उपचार न केलेलं नैराश्य ही वेगळी गोष्ट. त्याचा संबंध वेळेआधी प्रसूती आणि कमी वजनाशी आढळतो. आणि ते दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार विकसनशील देशांत सुमारे १५.६ टक्के गर्भवतींना मानसिक आजार असतो, मुख्यतः नैराश्य. आपण मात्र दर भेटीत वजन आणि बीपी मोजतो, मनाचं कोणी विचारत नाही. खरं तर १९८७ साली एडिंबरामध्ये त्यासाठी अवघ्या दहा प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. बाळंतिणींसाठी केलेली ती आता गरोदरपणातही वापरतात. पाच मिनिटं लागतात.

लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले: अडचणच सोडवणं, नाहीतर तिच्यामुळे उठणारी भावना सांभाळणं. मला हे फार उपयोगी वाटतं. बाळंतपणाचा खर्च, रात्री गाडी कोण काढणार, मोठ्या मुलाला कोण बघणार, यांना उत्तरं असतात. ती कागदावर लिहून वाटून घ्या. सोनोग्राफीत काय दिसेल हे मात्र तुमच्या हातात नाही. तिथे मैत्रिणीशी बोलणं, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर संध्याकाळी फिरणं, सावकाश श्वास, ज्याला जमेल त्याला नामस्मरण. तपासणीच टाळणं किंवा मध्यरात्री मोबाइलवर इतरांच्या बाळंतपणाच्या कहाण्या वाचत बसणं, यातून भीती वाढतेच.

आणि घरच्यांनो, डोहाळजेवणात तिला फुलांचे दागिने घालता, फोटो काढता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच डबे तिनेच करायचे? तिला विश्रांती सांगू नका, डबे करा.

दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, थकूनही झोप येत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जीव द्यावासा वाटला तर त्याच दिवशी घरच्यांना सांगून दवाखाना गाठा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मानसिक आजाराच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर दिवस राहिले म्हणून परस्पर बंद करू नका. दर वेळी कोणीतरी बंद करतंच आणि आजार दुप्पट होऊन परत येतो.

त्या मुलीला मी पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं. तो आला, सगळं ऐकून गप्प बसला. मग म्हणाला, “ती काही बोललीच नाही. मला वाटलं, सोनोग्राफीला मी नसलो तरी चालतं.” पुढची तारीख त्याने तिथेच मोबाइलमध्ये टाकली आणि साहेबांना रजेचा मेसेज केला.