शिडाची होडी आणि घरचे हप्ते

एखाद्या घरातल्या चाळिशीच्या कर्त्या पुरुषाने जेवता जेवता जाहीर केले की, ‘नोकरी सोडतो आणि मुलांना शिडाची होडी चालवायला शिकवतो,’ तर काय होईल? आईच्या हातातला घास हातातच राहील, पत्नी मनातल्या मनात घरकर्जाचे हप्ते मोजू लागेल आणि रात्रीच्या आत बातमी सासुरवाडीला पोहोचेल. त्यातून घर धाराशिवचे असले, तर बोलायलाच नको! समुद्र शेकडो मैल दूर, पाऊस बेभरवशाचा, टँकरची वाट पाहणे अंगवळणी पडलेले. तिथे शीड उभारायचे कुठे?

पण हसण्यापूर्वी जरा नकाशा पाहावा. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर ही देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी. ती शिकली भोपाळच्या तलावावर. भोपाळला तरी समुद्र कुठे आहे? धाराशिव १९४८ पर्यंत ज्या संस्थानात होते, त्या हैद्राबादचेच पाहा. तेथे संगणक व्यवसायातल्या सुहेम शेख यांनी २००९ मध्ये हुसेनसागरावर यॉट क्लब काढला आणि गरीब घरांतली मुले होडीत बसवली.

तेव्हा खरा प्रश्न समुद्राचा नाही, शिकवणाऱ्याचा आहे. आपल्याकडचे उत्तम उदाहरण दिलीप दोंदे यांचे. नौदलातले हे अधिकारी पेशाने पाणबुडे. फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहणारे निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या मनात शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेची कल्पना होती. दोंदे २००६ मध्ये तिच्यासाठी पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघालेले दोंदे १९ मे २०१० रोजी परतले. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय.

परंतु मला त्यांची पुढची कामगिरी अधिक मोलाची वाटते. त्यांचे सहायक अभिलाष टॉमी २०१३ मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा करून आले. २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’वरून जग फिरलेल्या सहा महिला अधिकाऱ्यांना दोंद्यांनी तयार केले. पुढे टॉमींच्या मार्गदर्शनाखाली शिकलेल्या दिलना आणि रूपा या दोघी मे २०२५ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून गोव्यास परतल्या. एका शिक्षकाची ही तिसरी पिढी!

आता आपल्या चाळिशीच्या गृहस्थांकडे वळू. त्यांनी राजीनामा लिहिण्याआधी स्वतःला एकच विचारावे : होडी आवडते की शिकवणे आवडते? लहान मुलांची ‘ऑप्टिमिस्ट’ होडी अडीच मीटरांहूनही आखूड, एकाच शिडाची. ती उलटते, आणि उलटलीच पाहिजे. कारण ती पुन्हा सरळ करणे हा पहिल्या धड्यांपैकी एक. त्या क्षणी नाकातोंडात पाणी गेलेल्या दहा वर्षांच्या मुलीला न ओरडता धीर देता येतो का? येत असेल, तर पुढचे शिकता येते.

मग पायरीपायरीने जावे. आधी पोहणे पक्के करावे. रजा काढून एखाद्या क्लबात शिकावे. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षणाचेही शिक्षण मिळते. दोन उन्हाळे सुट्टीत दुसऱ्याच्या हाताखाली शिकवून पाहावे, वर्षाचा घरखर्च बाजूला टाकावा आणि मगच नोकरीला रामराम करावा. वारा समोरून असेल तर शिडाची होडी सरळ जात नाही. नागमोडी जाऊनच मुक्कामाला पोहोचते. संसाराचेही असेच आहे.

आणि धाराशिव? माकणीचे निम्न तेरणा धरण आहे, परंड्याकडे सीना-कोळेगाव आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरता येणार नाही. त्या साली होड्या काठावरच राहतील. पिण्याचे पाणी आधी, शीड नंतर. पण ज्या वर्षी धरण भरते, त्या वर्षी आपण मुलांना काय सांगतो? ‘पाण्याजवळ जाऊ नकोस.’ पोहणे न शिकलेले मूल एवढ्या सांगण्याने सुरक्षित होत नाही. अंगात जीवरक्षक जाकीट घालून, जाणत्या माणसाच्या नजरेखाली त्याला पाण्याची ओळख करून देणारा कोणी भेटला, तर त्याच्या पगाराचा आकडा विचारण्याआधी त्याच्या हाती आपले मूल द्यावे.