वही परक्याच्या घरी, पडताळा कोणी घ्यायचा?

नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयाला उंच भिंती आहेत, खडा पहारा आहे. तरीही तेथील यंत्रसामग्री मोडीच्या नावाखाली अब्दुल करीम तेलगीच्या हाती पडली आणि बनावट मुद्रांकांनी अनेक राज्यांना लुबाडले. भिंत कोणी फोडली नव्हती. आतूनच वाट मिळाली होती. हा धडा नाशिककरांना तरी नव्याने सांगावा लागू नये. परंतु ठेवीदारांच्या नोंदी बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर सोपविताना सहकारी बँकांचे संचालक नेमका तोच विसरतात.

जुलै २०२४ च्या अखेरीस काय घडले? छोट्या सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ३१ जुलै रोजी राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला देयक यंत्रणेपासून तोडले आणि सुमारे ३०० बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार खोळंबले. ही कंपनी परदेशी नव्हे. ती स्टेट बँक व टाटा कन्सल्टन्सी यांचा संयुक्त उपक्रम. देयकांची माहिती भारतातच ठेवावी, हा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश स्वागतार्हच होता. पण सर्व्हरचा पत्ता स्वदेशी असला की काम संपले, असे मानणे हा निव्वळ भाबडेपणा आहे.

यावर कंपन्यांचे ठरावीक उत्तर असते : ‘आमच्याकडे सर्व माहिती एन्क्रिप्टेड असते.’ असेल. किल्ली कोणाकडे असते? ती त्याच कंपनीच्या संगणकात असेल, तर तिजोरी आणि किल्ली एकाच पहारेकऱ्याच्या हाती दिल्यासारखे झाले. किल्ली बँकेने स्वतःकडे ठेवली, तर दुसरी अडचण येते. थकबाकीदार कोण, हे सर्व्हरला न वाचता येणाऱ्या नोंदींतून शोधायचे कसे? या प्रश्नाला २००२ साली ज्या चौघा संशोधकांनी हात घातला, त्यांत शरद मेहरोत्रा व बाला अय्यर हे भारतीय वंशाचे होते. उपाय आहेत, पण तेही तपासून घ्यावे लागतात. एकाच मजकुराला प्रत्येक वेळी एकच सांकेतिक रूप दिले, तर शोध सोपा होतो आणि चोरीही. पीककर्जांच्या यादीत एखादे सांकेतिक नाव वारंवार आले, की ते निफाडचे असावे, हे ओळखायला किल्ली लागत नाही. अमेरिकेतील २०० रुग्णालयांच्या नोंदींवर २०१५ साली संशोधकांनी हाच प्रयोग करून अनेक रुग्णांची गोपनीय माहिती उलगडून दाखविली.

आणि गुप्तता राखली, तरी उत्तर खरे कशावरून? सर्व्हरने दहा थकबाकीदारांपैकी नऊच दाखविले, दहावा कोणा बड्या आसामीचा नातलग निघाला, तर बँकेला कळणार कसे? तेही गणिताने साधते. प्रत्येक नोंदीचा एक छोटा ठसा काढायचा, दोन ठशांचा मिळून एक, असे करीत शेवटी एकच मूळ ठसा उरतो. तो बँकेने जवळ ठेवायचा. उत्तर देताना सर्व्हरने त्या मूळ ठशापर्यंतची साखळी जुळवून दाखवायची. नोंदी क्रमाने लावलेल्या असल्या, की यादीच्या अलीकडची व पलीकडची नोंदही मागायची. मधली कोणी गाळली तर साखळी तुटते. मूळ ठसा रोज नवा घेतला, की कालची वही आजची म्हणून खपविता येत नाही. राल्फ मर्कल यांनी ही ठशांची रीत १९७९ सालीच मांडली होती. आपल्या जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द व खतावणीचा मेळ रोज संध्याकाळी घातला जाई, तो काय वेगळा होता? मुनीम विश्वासू होता म्हणून मेळ कोणी सोडला नाही.

मग अडते कोठे? संगणकसेवा बाहेरून घेण्यासंबंधी रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये सविस्तर निर्देश काढले, पण पहिल्या दोन श्रेणींतील नागरी सहकारी बँका त्यांतून वगळल्या. म्हणजे १,००० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका सुटल्या! छोट्यांवर भार नको, हा हेतू समजू शकतो. परंतु निवृत्त शिक्षकाची आणि द्राक्ष बागायतदाराची पुंजी याच बँकांत असते आणि २०२४ चा फटकाही छोट्या बँकांनाच बसला. संचालकांना नियमाचा धाक नसेल, तर सभासदांनी तो घालावा. वार्षिक सभेत लाभांशाचा टक्का विचारून झाला, की तीन प्रश्न आणखी विचारावेत : नोंदी कोणाच्या सर्व्हरवर आहेत, किल्ली कोणाकडे आहे आणि सर्व्हरने दिलेल्या उत्तराचा पडताळा कोण घेतो? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.