शुद्ध हायड्रोजनची चाळणी

जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मान्यता दिली. १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे लक्ष्य, हा संकल्प मोठा आहे. इंधनासाठी परदेशांपुढे हात पसरण्याची नामुष्की टळावी, हा त्यामागील हेतूही स्तुत्य आहे. मात्र हायड्रोजन निर्माण करणे आणि तो वापरण्याजोगा शुद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाची चर्चा आपल्याकडे अभावानेच होते.

पाण्याच्या विद्युत विघटनातून मिळणारा हायड्रोजन मुळातच बराच शुद्ध असतो. शेतातील काडीकचरा, अमोनिया किंवा नैसर्गिक वायू यांपासून काढलेल्या हायड्रोजनमध्ये मात्र अन्य वायू मिसळलेले असतात. वाहनांच्या इंधनघटाला ९९.९७ टक्के शुद्धता लागते. कार्बन मोनॉक्साईड दहा लाख भागांत ०.२ भागाहून अधिक चालत नाही.

एवढी बारीक चाळणी निसर्गाने पॅलेडियम या धातूत ठेवली आहे. या धातूची हायड्रोजन शोषण्याची विलक्षण शक्ती थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्ये दाखवून दिली. पटलाच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू दुभंगतो, अणू धातूतून पलीकडे झिरपतात आणि तेथे पुन्हा जोडले जातात. अन्य वायूंना ही वाट बंद असते. कमी तापमानात शुद्ध पॅलेडियम हायड्रोजनमुळे फुगून तडकते, म्हणून त्यात साधारण २३ टक्के चांदी मिसळतात.

अडचण आहे ती दुर्मिळतेची. खाणींतून निघणाऱ्या पॅलेडियमपैकी बहुतांश रशिया आणि दक्षिण आफ्रिका या दोनच देशांतून येते. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या भडक्यात त्याचा भाव औंसाला ३,००० डॉलरच्याही पुढे गेला. तेलाचे परावलंबन सोडून धातूचे पत्करणे याला स्वावलंबन म्हणता येणार नाही.

यावर संशोधकांनी शोधलेला एक पर्याय व्हॅनेडियमचा. हा धातू पॅलेडियमहून कितीतरी स्वस्त आणि हायड्रोजनला अधिक सहज वाट देणारा. परंतु तो अति शोषणाने ठिसूळ होतो. निकेल वा ॲल्युमिनियम मिसळले की हे शोषण आटोक्यात येते आणि दोन्ही अंगांना पॅलेडियमचा सूक्ष्म मुलामा पुरतो. मात्र प्रखर उष्णतेत तो मुलामाच हळूहळू आत जिरतो. म्हणूनच मिश्रधातूची खरी परीक्षा प्रयोगशाळेतील पहिल्या दिवशी होत नाही. हजारो तासांच्या अखंड वापरानंतर होते.

आणखी एक सावधगिरी हवी. व्हॅनेडियमच्या उत्पादनात चीन आघाडीवर आहे. केवळ धातू बदलला म्हणजे पारतंत्र्य संपले असे नव्हे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत व्हॅनेडियम आणि पॅलेडियमचा प्लॅटिनम गट, दोन्ही आहेत. बॉक्साईटपासून ॲल्युमिना काढताना उरणाऱ्या गाळात व्हॅनेडियम असते. मोडीत निघालेल्या मोटारींच्या धूरशोधक यंत्रणेत पॅलेडियम असते. जे आपण आज कचरा म्हणून पाहतो, तीच उद्याची खाण आहे.

म्हणून मिशनच्या निधीतील एक निश्चित वाटा शुद्धीकरणाच्या मिश्रधातूंना, त्यांच्या दीर्घ चाचण्यांना आणि भंगारातील धातूंच्या पुनर्प्राप्तीला मिळावा. असे संशोधन एका अर्थसंकल्पात फळत नाही. त्याला दशकाचा धीर लागतो. तो धीर राज्यकर्त्यांनी आणि उद्योजकांनी आज दाखवला, तरच शुद्ध हायड्रोजनची चाळणी उद्या आपल्या हाती असेल.