कोप कोणाचा?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली असता, उमरगा-औसा भागात धरणी हलली आणि सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. औसा तालुक्यातील किल्लारी आणि आज लोहारा तालुक्यात मोडणारे सास्तूर ही गावे जमीनदोस्त झाली. तेव्हापासून या घटनेविषयी जे जे लिहिले जाते त्यात 'निसर्गाचा कोप' हे दोन शब्द हटकून येतात. आमचा आक्षेप याच दोन शब्दांस आहे. कोप म्हटला म्हणजे कारण शोधण्याचे काम संपले, आणि शोक करून घरी जाण्यास सर्वजण मोकळे झाले.

या आळसाचे मूळ आमच्या इतिहासलेखनात आहे. जिल्ह्याचा इतिहास लिहू लागलेला लेखक पहिल्या प्रकरणात डोंगर, नद्या व पर्जन्यमान यांची नोंद उरकून टाकतो, आणि मग सातवाहन, चालुक्य, यादव, बहमनी, निजाम अशी राजवटींची रांग लावितो. पहिल्या प्रकरणातील दगड पुढे पुन्हा भेटत नाही. जणू राजे हवेत राज्य करीत होते!

वस्तुतः या दगडाची कथा एका खंडाची कथा आहे. ज्या प्राचीन महाखंडातून भारत फुटून निघाला त्यास शास्त्रज्ञांनी गोंडवन हे नाव दिले, आणि ते नाव आमच्याच शेजारच्या गोंडांच्या मुलखावरून घेतलेले आहे. मादागास्करपासून सुटून उत्तरेकडे सरकत असता, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, या भूखंडावर लाव्ह्याचे पूर लोटले. त्यांचेच थर म्हणजे आपला काळा पाषाण, आणि त्याची झीज होऊन झालेली माती म्हणजे आपले कापसाचे रान. पुढे भारत आशियास भिडला, हिमालय उचलला गेला, पण ती ढकल अद्याप थांबलेली नाही. वर्षास काही सेंटिमीटर या वेगाने ती चालूच आहे. तिचा ताण खंडाच्या पोटातही साठतो. किल्लारीस पुढे भोक पाडून पाहिले तेव्हा काळ्या दगडाची जाडी सुमारे 338 मीटर निघाली, खाली पुरातन ग्रॅनाइट होता. तेथील जुनी भेग त्या पहाटे सरकली. जवळच माकणीस तेरणेवर बांधलेल्या धरणाचा यात काही वाटा होता काय, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण कोपाचा पक्ष कोणीही घेतलेला नाही.

आता माणसाकडे वळू. या मुलखात लाकूड थोडे, दगड व माती मुबलक, आणि उन्हाळा कडक. म्हणून भिंती दोन-अडीच फूट, कित्येकदा त्याहूनही जाड रचल्या. आतबाहेर दगडांचे दोन पदर, मध्ये चिखल आणि खडी, वर मातीचे जड माळवद. ही योजना शहाण्या माणसांची होती. वैशाखात त्या घरात बसून पाहिलेला वाचक आमच्याशी वाद घालणार नाही. परंतु दोन्ही पदर जखडणारे आरपार लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हते, म्हणून धक्का बसताच पदर सुटले आणि निजलेल्यांच्या अंगावर माळवद आले. लाव्ह्याने दिलेला दगड, उन्हाने शिकविलेली भिंत आणि हिमालयापर्यंत पोहोचणारा ताण यांची गाठ त्या पहाटे पडली. या तिन्हींपैकी इतिहासाच्या पुस्तकात कोणते आहे?

कोणी म्हणतील, दख्खन स्थिर आहे असेच आम्हांस शिकविले होते. खरे आहे. सरकारी नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पण 11 डिसेंबर 1967 रोजी कोयनेने त्या स्थैर्याचा पुरता समाचार घेतला होता, आणि खुद्द किल्लारीस 1992 साली धक्क्यांमागून धक्के बसले होते. सूचना मिळाली नाही असे म्हणण्यास जागा नाही. ती वाचण्याची विद्या आम्ही भूगोलाच्या तासाला बंद करून ठेविली होती.

याच तेरणेच्या काठी वर तेर आहे. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथातील तगर ते हेच. येथील कापड गाड्यांतून भडोचला जाई. त्या व्यापाराचा अभिमान आम्ही सांगतो, परंतु ज्या काळ्या रानात तो कापूस पिकला ते लाव्ह्याचे लेकरू आहे हे सांगत नाही. तेथील त्रिविक्रमाचे प्राचीन मंदिर तर विटांचे आहे. दगडाच्या देशात वीट का निवडली, हा प्रश्नदेखील कोणी फारसा विचारीत नाही. (आमच्यापाशी उत्तर आहे असे नव्हे.)

भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी वसविली गेली: सरळ रस्ते, ओळीने घरे. रहिवाशांनी पुढे त्यांस आपापल्या परीने पडव्या व खोल्या जोडल्या. त्या खोल्यांच्या भिंती कशाच्या आहेत आणि त्यांचे पदर जखडले आहेत काय, हे पाहून येणारा एक तरी इतिहासाचा शिक्षक आपली मुले घेऊन सास्तुरास गेला, तर त्याच्या वर्गातील दगड पहिल्याच प्रकरणात गाडला जाणार नाही.