वसतिगृहातील कॅमेरा
बदलापूर प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही बसविण्याचा आदेश दिला. तो योग्यच होता. आता मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे चेहऱ्यावरून मुलाची उदासी ओळखण्याचा दावा करतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली. २०२५ च्या नियमांनी शिक्षण व सुरक्षिततेसाठी शाळांना सूट दिली. म्हणजे मर्यादा आपणच आखायची. इतर मुले सायंकाळी घरी जातात. वसतिगृहातील मुलाला तीही सुटका नाही. चंदगडच्या पावसात घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलाजवळ अधीक्षकांनी बसावे; यंत्राने त्याची नोंद कशाला करावी? फाटकावर कॅमेरा असावा, शयनगृहात नसावा, मन वाचू पाहणारा तर कोठेच नसावा, असे आम्हांस वाटते. चित्रण कोण पाहते, किती दिवस ठेवले जाते, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विचारावे.