रानभाजी ताटात, पण रान कुणाचं? मुळशीतलं ज्ञान आणि गाडगीळांची नोंदवही

पाऊस पडला की फीडमध्ये ताम्हिणीचे धबधबे आणि रानभाज्यांच्या रेसिपी एकत्रच येतात. शेवळं त्यात लाडकी. पण शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, सोबत काकडाची आंबट फळं लागतात. कडू करांदे तर राख घालून उकळल्याशिवाय खाववतच नाहीत. कुठली भाजी कधी, कुठून खुडायची आणि कंद जमिनीत किती ठेवायचा, हे मुळशीतल्या कातकरी बायकांना तोंडपाठ असतं.

याला ज्ञान म्हणायचं का? पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचं उत्तर स्पष्ट होतं: हो, आणि ते लोकांनीच नोंदवायचं. मूळचे पुण्याचे, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवणारे गाडगीळ यांनी १९९०च्या दशकात लोकजैवविविधता नोंदवहीची कल्पना रुजवली. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या सांगितल्या, पुढे नियमांत नोंदवहीही आली. काम मात्र रखडलं. शेवटी २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली, नाहीतर राज्यांना महिन्याला १० लाखांचा भुर्दंड. मुदतीच्या धाकाने वही भरते खरी, पण कातकरी आजीला विचारायला वेळ कुणाकडे असतो?

आता मुख्य अडचण. 'अन्न सार्वभौमत्व' हा शब्द १९९६मध्ये 'ला व्हिया कँपेसिना' या शेतकरी संघटनेने जगापुढे मांडला. रेशनवर तांदूळ मिळणं ही अन्नसुरक्षा. काय पिकवायचं, कुठून आणायचं हे आपण ठरवणं म्हणजे सार्वभौमत्व. मुळशीला हा वाद नवा नाही. १९२१मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला, तो भाताच्या खाचरांसाठीच. धरण झालं, खाचरं बुडाली.

आज पाण्याऐवजी कुंपण आहे. २००६चा वनहक्क कायदा गौण वनोपज गोळा करण्याचा आणि पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क देतो, पण फक्त वनजमिनीवर. डोंगरउतारावरची खासगी जमीन फार्महाऊससाठी विकली गेली की तिथल्या करांद्यांवर कुणाचा हक्क, यावर हा कायदा गप्प आहे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. अनेकांच्या नावावर घराखालची जागाही नाही, मग सातबाऱ्यावर बोलणार कोण?

कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे जुडी विकली जाते, चार पैसे मिळतात, हे चांगलंच. ती जुडी पुढच्या वर्षी कुठून खुडायची, हा प्रश्न ग्रामसभेत यायला हवा.